जपानातला साकव

“अरे, ह्यो तर साकव!” बसमधून उतरता उतरता मी म्हणालो, आणि सगळ्या प्रभुदेसायांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी सत्यनारायणाच्या प्रसादातून केस ओढून दाखवला.

आता यात मी खोटं काय बोललो? मला ओळखणारे म्हणतील त्या दिवसातलं माझं तेवढंच एक वाक्य खरं होतं, आणि त्यांचं चूकही नाही. समोर तळं होतं, तळ्यावर लाकडाचा पूल होता. लांबलचक होता, मध्ये तीन ठिकाणी उंटाच्या वशिंडासारखा उचलला होता, सगळं कबूल. पलीकडे डोक्यावर बर्फ घेतलेला डोंगर, आणि पाण्यात तोच डोंगर उलटा टांगलेला. पण आमच्या मालवणाकडे पाऊस सरला की गाव जमतं, वहाळावर माडाची खोडं टाकतं आणि साकव घालतं. त्यावरून बायका डोक्यावर कवळाचा, म्हणजे तोडलेल्या हिरव्या डहाळ्यांचा, भारा घेऊन धावत जातात. तो बघायला कोणी विमानात बसून येत नाही. इथे मात्र बसमागून बस रिकामी होत होती आणि उतरलेला प्रत्येक जण पुलाकडे पाठ करून फोनकडे तोंड करत होता. एवढा लांब येऊन माणसं शेवटी बघतात काय, तर स्वतःचंच थोबाड.

आमच्या वऱ्हाडाचे म्होरके होते नरहर प्रभुदेसाई. मंत्रालयात कुठल्याशा खात्यात मोठ्या खुर्चीवर होते. खुर्ची सुटली, पण बसण्याची ढब सुटली नाही. प्लॅस्टिकच्या स्टुलावरसुद्धा ते शिपायाची वाट बघत असल्यासारखे बसायचे. त्यांची पंचाहत्तरी झाली आणि त्यांनी अख्ख्या भावकीला जपान दाखवायचं ठरवलं. मुलगे, सुना, चुलत, मावस, झाडून सगळे. मी त्यांच्या भावकीतला नव्हे. माझी धाकटी बहीण कुमुद ही त्यांच्या दिवंगत भावाची, सदानंदाची बायको. सहल-कंपनीच्या खोल्या दोघांच्या हिशेबाने असतात आणि एकट्या बाईला वेगळी खोली महाग पडते. म्हणून जोडीला भाऊ. मला जपान घडलं ते असं, साडीबरोबर खण यावा तसं.

टूर मॅनेजर केतकी नावाची पोर होती. हातातली छत्री उंच धरून ती म्हणाली, “इथे अशी समजूत आहे, की हा पूल जो चालून पार करतो त्याचं आयुष्य वाढतं.”

नरहररावांचे कान असे उभे राहिले, जणू महागाई भत्ताच जाहीर झाला. वर्षभरापूर्वी त्यांची बायको, नलूवहिनी, गेली होती. तेव्हापासून मरण आपल्या मजल्यापर्यंत येऊन गेलं, लिफ्टमध्येच आहे, अशा धास्तीत ते जगत होते.

“किती वर्षांनी वाढतं?”

“सर, तसं काही सांगत नाहीत.”

“म्हणजे लेखी काहीच नाही?”

“नाही सर. फक्त चालायचं.”

“जाऊन-येऊन धरतात, की एकदाच?”

पोरगी हसायला लागली. नरहरराव हसले नाहीत. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि बाजूला नेलं. एरवी ते मला ‘माइकवाले’ म्हणायचे, कारण जन्मभर मी गावच्या लग्नांना आणि जत्रांना मांडव नि लाउडस्पीकर पुरवले. काम असलं की मी ‘मनोहरपंत’ व्हायचो.

“मनोहरपंत, पुलाच्या मध्यावर तुम्ही गाऱ्हाणं घालायचं.”

“इथे? जपान्यांसमोर?”

“जागा म्हटली की राखणदार आलाच. तळ्याला नसेल का? त्याला माझ्यासाठी शंभरी मागा. आणि त्यातच घाला,” त्यांनी आवाज खाली आणला, “की कुमुद आता कायमची ठाण्याला येऊन राहो आणि माझं सगळं हसतमुखाने करो. सुना नोकरीवाल्या. मला घरचं माणूस हवं.”

“कुमुदला विचारलंत?”

“म्हणून तर गाऱ्हाणं,” ते म्हणाले. “विचारलं तर माणूस नाही म्हणू शकतं.”

बघा, एवढी वर्षं मंत्रालयात काढलेली वाया जात नाहीत. आमच्याकडे देवापुढे एक जण गाऱ्हाणं घालतो आणि दर वाक्याला जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तो हुंकार एकदा तोंडातून गेला, की ते वाक्य आपलं झालं. मागे घेता येत नाही. दुसरं कोणी मोडेल एखाद वेळेस, पण कुमुद मेली तरी मोडणार नाही हे नरहररावांना पक्कं ठाऊक होतं. सदानंद अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं तिनेच काढलं. मग सासू पडली, तिचंही. शेवटी नलूवहिनीचं दुखणं निघालं, तर ठाण्याहून फोन आला आणि ही पिशवी भरून गेली. एक जण गेला की दुसरा आडवा व्हायचा, जणू त्यांनी पाळ्याच लावल्या होत्या. आता नरहररावांनी नंबर लावला होता.

मी संडास शोधायच्या निमित्ताने सटकलो. पुलाच्या तोंडाशी एक जख्ख म्हातारा पानं झाडत होता. मी पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. तो कमरेत वाकला, मीही वाकलो, तो पुन्हा वाकला. असं बराच वेळ दोन कोंबड्यांसारखं चालल्यावर त्याने झाडूने दिशा दाखवली. जपानी माणसाशी माझं जन्मातलं बोलणं ते एवढंच.

परत आलो तर कुमुद कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभी होती. हातात माझा स्वेटर, एका खांद्याला नरहररावांच्या चहाच्या थर्मासची पिशवी, दुसऱ्याला त्यांच्या शालीची.

“दादा, भावोजी काय सांगी होते?”

“काय नाय गो. गाऱ्हाणा घाल म्हणतत.”

“त्या गाऱ्हाण्यात मी आसंय मां?”

मी स्वेटर घालण्यात तोंड लपवलं. तिने बटणं लावून दिली.

“तू व्हय म्हणा नको,” मी म्हणालो.

“एवढ्या माणसांत? सगळ्यांचा व्हय जाताला तेच्या वांगडा माझापण जाताला. तोंडाक सवय आसा.” मग खांद्यावरच्या पिशव्या सावरत म्हणाली, “आणि एकदा गेला काय गेला, दादा. मगे मी ठाण्याक गेलंय. आणि थंयसून काय मी परत येवचंय नाय.”

हे ती रडत म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली.

चालणं सुरू झालं. नरहरराव सर्वांत पुढे, आयुष्याला आधी पोचायचं म्हणून. पहिल्या चढावर त्यांना शाल हवी झाली, कुमुदने दिली. उतारावर शाल नको झाली, कुमुदने घेतली. बुटाची नाडी सुटली तर त्यांनी पाय नुसता पुढे केला, बोलण्याचेही कष्ट नकोत. कुमुद वाकून बांधत असताना धाकटी सून शर्वरी म्हणाली, “काकू, तुम्ही किती छान सांभाळता हो बाबांना!” काय ती माया! स्वतःचा पाय नरहररावांच्या बुटापासून चार हात लांब ठेवून केलेली.

आम्ही मधल्या वशिंडावर पोचलो. तिथे छप्पर आणि बाकडी होती. नरहरराव बसले. “कुमुद, चहा.”

ती थर्मास उघडायला लागली आणि माझ्या जिभेला खाज सुटली. ती कुठून सुटते ते मला आजवर कळलेलं नाही. बायकोच्या तेराव्यालाही सुटली होती.

“नरहरराव,” मी म्हणालो, “चहा घेण्याआधी मघाच्या त्या म्हाताऱ्याने सांगितलेलं ऐकून घ्या. मग घ्यायचा तर घ्या.”

“कोण म्हातारा?”

“तो काय, झाडतोय तो. त्याच्याशी बोलत होतो ना बराच वेळ.”

“तुम्हाला जपानी कधीपासून यायला लागलं?”

“म्हाताऱ्याला म्हाताऱ्याशी बोलायला भाषा कशाला लागते? अर्धं हातांनी, अर्धं डोळ्यांनी. तर तो म्हणाला, पूल आयुष्य देतो हे खरं. पण केतकीने अर्धंच सांगितलं.”

आता भावकी गोळा झाली. मी खाकरलो. माइक नव्हता तरी हात आपोआप तोंडापुढे गेला.

“फार पूर्वी इथे एक सरदार होता. त्यानेच हा पूल बांधला, शंभरी गाठायला. पहिल्या दिवशी लवाजमा घेऊन चालायला निघाला. एक जण छत्री धरतोय, दुसरा वारा घालतोय, तिसरा जोडे पुसतोय. आता या तळ्यात राहतात क्रौंच पक्षी, पांढरे, लांब मानेचे. ते या जागेचे राखणदार. ते वरून बघतात. पूल वर्षं देतो, पण ती वर्षं जातात कुणाकडे? जो चाकरी करून घेतो त्याच्या अंगातून निघतात आणि जो चाकरी करतो त्याच्या अंगात उतरतात. पाणी उताराकडे जातं ना, तशी. सरदाराने पलीकडच्या काठावर पाय ठेवला आणि तिथेच कोसळला. सुरकुतून मनुका झालेला! वारा घालणारा, जोडे पुसणारा, दोघांनी नातवंडं-पतवंडं पाहिली.”

“आणि छत्रीवाला?” शर्वरीने विचारलं.

“तो सगळ्यांत जवळ होता. त्याला इतकी वर्षं मिळाली, इतकी मिळाली, की संपता संपेनात. शेवटी कंटाळून त्याने झाडू हातात घेतला.”

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. आणि त्या म्हाताऱ्याला काय बुद्धी झाली कोण जाणे, तिकडे पुलाच्या तोंडाशी त्याने झाडू टेकवला आणि आमच्या दिशेने कमरेत वाकला.

थोरला मुलगा इंजिनिअर होता, तो “काहीतरीच!” म्हणाला, पण आपल्या पाठीवरची बायकोने भरून दिलेली पिशवी त्याने हळूच जरा चाचपली.

नरहररावही हसले. “मनोहरपंत, थापा मारण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही,” म्हणाले आणि चहाच्या कपाकडे हात पुढे केला. पुढे केला तो तिथेच राहिला. ते कुमुदकडे बघत होते. चढ चढून आलेली, दोन पिशव्या वाहिलेली, साठीला आलेली बाई. श्वाससुद्धा लागला नव्हता. केस अजून काळे. कधी ताप आलेला कुणाला आठवत नाही.

“सदानंदाचं हिनेच केलं,” ते पुटपुटले.

दुसऱ्या हाताचं एक बोट त्यांनी दुमडलं.

“आईचंही हिनेच. आणि नलूला... डॉक्टर म्हणत होते दोन वर्षं सहज काढतील. ही आली, आणि सहा महिन्यांत...” त्यांनी हात असा मागे घेतला, जणू कपात पाल पडली होती.

“बाबा, काय बोलताय!” थोरला म्हणाला. पण शर्वरी एक पाऊल मागे सरली होती, आणि कुमुदने मघाशी सोलून दिलेलं सफरचंद तिने बाकड्यावर ठेवून दिलं होतं. शिकली-सवरलेली मुलगी, मोठ्या कंपनीत माणसं निवडण्याचं काम करते.

कुमुद कप धरून उभीच होती. चहाची वाफ तिच्या तोंडावरून जात होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

नरहरराव उठले. नाडी पुन्हा सुटली होती, ती त्यांनी स्वतः वाकून बांधली. पंचाहत्तर वर्षांत प्रथमच, बहुधा. कारण गाठ गायीच्या दाव्याची पडली. मग ते माझ्या कानाशी आले. “ते कुमुदचं वाक्य... उलटं करा. गावातच राहू दे तिला.”

“म्हणजे ठाणं रद्द?”

“पार रद्द!” एकदम त्यांना शंका आली. डोळे बारीक करून ते मोठ्याने म्हणाले, “पण थांबा. ती तुमच्याच घरी राहते. तुमचं चहापाणी, जेवणखाण तीच बघते. मग तुम्ही कसे अजून टुणटुणीत?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरकारी माणसाची नजर, शेवटी कागदातली खोच पकडतेच. पण अशा वेळी थांबला तो गोष्टीवेल्हाळ कसला?

“माझं?” मी म्हणालो. “माझं ती कुठे काय करते? उलट मीच तिला सांभाळतो!”

कुमुदने तो कप बाकड्यावर ठेवला. काही आवाज झाला नाही.

नरहररावांचं समाधान झालं. मी कठड्यापाशी गेलो, हात जोडले आणि तळ्याकडे तोंड करून जत्रेतला आवाज काढला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” भावकी गरजली. बाजूला फोटो काढणारी जपानी मंडळी दचकली आणि मग आदराने स्तब्ध उभी राहिली.

“ह्या तळ्याच्या राखणदारा म्हाराजा, आज प्रभुदेसायांचो गोतावळो तुझ्या दारात इलो आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या नरहराक उदंड आयुष्य दी. एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर. तेचे हात, तेचे पाय तेच्याच कामाक येवंदेत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सर्वांत मोठा आवाज सुनांचा.

“आणि ही कुमुद, हिका ठाण्याचा नाव नको. ही आपल्या भावाच्या घरात, भावाच्या चुलीकडे, जल्मभर सुखान रवांदे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी आवाजाचा धंदा केलेला माणूस. पन्नास तोंडांतून एक गळालं तरी मला ऐकू येतं. मी वळलो. कुमुदचं तोंड मिटलेलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला हसू येत होतं. मला जरा थंडी वाजली.

“झाला तुझा?” ती म्हणाली.

“व्हय.”

“मगे बाजूक हो.”

आता आमच्याकडे बाई गाऱ्हाणं घालत नाही. घालू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण घातलेलं कोणी ऐकलेलं नाही. ती कठड्यापाशी आली, पदर खोचला, आणि त्या एवढ्याशा बाईतून असा आवाज निघाला की मला माझे दोन्ही कर्णे आठवले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांच्या तोंडातून गेलं. विचार मागाहून आला, जसा आमच्याकडे नेहमीच येतो.

“माझो दादा सांगता, मी ज्यांचा केलंय तेंची वर्सां माझ्याकडे इली. खरा काय खोटा तू जाणे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“इली असतीत तर ती माका खर्चूक दी. आता मी कोणाचा करूचंय नाय. भावोजींचा नाय, आणि दादाचा तर नायच नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“दादा माका सांभाळता म्हणता. तेका ह्या कामातसून मोकळो कर. सदानंदाची खोली आसा बंदरार, मी थंय रवतलंय. उठूक वाटला तर उठतलंय, नायतर निजान रवतलंय. जो कोण ह्येच्या आड येयत, तेची वर्सां घेवंक मी मोकळी आसंय, म्हाराजा!”

इथे सगळ्यांनी आधी नरहररावांकडे बघितलं. नरहररावांच्या कपाळावर घाम होता. मग त्यांचाच आवाज सर्वांआधी फुटला, “व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!” त्यांच्यामागून सगळे. आणि कुमुद माझ्याकडे बघत राहिली. भावकी माझ्याकडे बघायला लागली. त्या जपान्यांनीही माना माझ्याकडे वळवल्या.

जन्मभर मी लोकांकडून हुंकार वसूल केला. कोणी मनातल्या मनात म्हटला, तर माइकवरून नाव घेऊन पुन्हा म्हणायला लावला. मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो.

ती उरलेला पूल चालू लागली. दोन्ही पिशव्या बाकड्यावर तशाच. मी त्या उचलल्या आणि मागून धापा टाकत गेलो.

“गो कुमुद! आणि मी जेवू काय?”

“तेका सांग मां,” तिने मागे न बघता तळ्याकडे बोट केलं. “तुझी वळख आसा.”

याला आता बरीच वर्षं झाली. नरहरराव नव्वदीला टेकले आहेत. स्वतःचा चहा स्वतः करतात, स्वतःचे कपडे स्वतः धुतात, कोणी पाण्याचा पेला पुढे केला तर ओरडतात. प्रकृती घोड्यासारखी. येईल-जाईल त्याला सांगतात, पूल पावला. मी एकदा त्यांना सरळ सांगून टाकलं की त्या म्हाताऱ्याने मला फक्त संडासाची वाट दाखवली होती, बाकी सगळं माझं. ते डोळे मिचकावून म्हणाले, “मनोहरपंत, आता या वयात तरी थापा सोडा.”

कुमुद बंदरावर राहते. सकाळी दार उघडं टाकून समुद्राकडे बघत बसते, वाटलं तर मासे आणायला जाते, वाटलं तर दोन-दोन दिवस भाताच्या पेजेवर काढते. परवा उन्हातून चालत तिच्याकडे गेलो. घसा सुकून लाकूड झाला होता. पायरीवर टेकलो आणि जन्माच्या सवयीने वाट बघत राहिलो.

“माठात आसा पाणी,” ती खुर्चीवरून न उठता म्हणाली. “घेतलंस तर माकापण घेवन ये.”